वेताळलोह खरं वाटायला हवं असेल तर जादू एकच ठेव

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे की तुझ्या कादंबरीत कोकणासारखाच एक किनारा आहे, तिथे वेताळलोह नावाचा धातू सापडतो, तो कापसाइतका हलका, हिऱ्याहून कठीण, कधीच गंजत नाही, कुठल्याच आगीत वितळत नाही आणि भूतपिशाच्च जवळ आलं की निळा चमकतो. हे वाचणाऱ्याला पटेल का आणि नसेल पटत तर काय बदलू, असं विचारलंयस. मी रत्नागिरीकडे बोटींच्या कामात आहे, म्हणजे पंखे (बोट ढकलणारे प्रोपेलर), शाफ्ट, वेल्डिंग, थोडंफार ओतकाम, त्यामुळे जादूमधलं मला काही कळत नाही पण खाऱ्या पाण्यात धातू काय काय नखरे करतात ते रोज बघतो, त्या हिशोबाने सांगतो.

सरळ सांगायचं तर आत्ता नाही पटत. पाच गुण सांगितलेस आणि पाचही फायद्याचेच. असा धातू ज्याच्या हातात तो जिंकणार, मग पुढची तीनशे पानं कशाला वाचायची? खऱ्या धातूत असं नसतं बघ, प्रत्येक चांगल्या गुणाच्या मागे एक नुकसान लागलेलंच असतं आणि आमचा अर्धा धंदा त्या नुकसानावरच चालतो. म्हणून माझं म्हणणं, भुताची चाहूल लागणं ही एकच जादू ठेव, बाकी सगळं खऱ्या धातूंसारखं वागू दे.

आधी वजनाचं घे, कारण ते सोपं आहे. लोखंड पाण्याच्या जवळजवळ आठ पट जड, टायटॅनियम साडेचार पट, ॲल्युमिनियम २.७ पट, सोनं तर १९ पटीच्या वर. पाण्याहून हलका धातू पण आहे, लिथियम, पाण्याच्या निम्म्याच वजनाचा, तो तरंगतो खरा पण तरंगता तरंगता पाण्याशीच रिॲक्शन करून संपून जातो. आता कापसाइतका हलका कोयता कमरेच्या आकडीला लावून माडावर चढणाऱ्याला दे आणि शहाळं तोडायला सांग, शिव्या देईल तो. कोयता धारेने कापतो तसाच वजनाने पण कापतो, घणाचं तर सगळंच वजनावर आणि हलका नांगर टाकलास तर बोट रात्रीत कुठच्या कुठे जाईल. हलक्या धातूचा उपयोग डोलकाठीला, वल्ह्याला, ढालीला, चिलखताला. म्हणजे तुझ्या नायकाची ती हलकी तलवार समोरच्या खलाशाच्या साध्या लोखंडी कुऱ्हाडीपुढे पहिल्याच घावात उडून जायला पाहिजे, आणि लिहिलास तर तो सीन चांगला होईल. लोखंडाच्या निम्मं वजन ठेव, तेवढं पुष्कळ झालं.

कठीणपणाबद्दल लोकांचा एक गोंधळ असतो, त्यांना वाटतं कठीण म्हणजे न फुटणारं. हिऱ्यावर ओरखडा उठत नाही पण हातोडी घातलीस तर चुरा होतो. देवळातल्या घंटेचं कांसं घे, तांब्यात साधारण वीस-बावीस टक्के कथील, आवाज सुंदर पण उंचावरून पडली तर तडकते. तलवारीला दोन्ही लागतं, धार टिकायला कडकपणा आणि वाकून परत यायला चिवटपणा, आणि हे दोन एकमेकांच्या जिवावर उठलेले असतात. लोहार पाणी देतो म्हणजे काय करतो, तर पोलाद चांगलं लाल करून पाण्यात विझवतो, तेव्हा ते काचेसारखं कडक होतं, मग परत थोडं शेकवतो. पृष्ठभाग घासून चकचकीत केलेला असेल तर त्यावर रंग चढताना डोळ्याने दिसतो, आधी गवती पिवळा म्हणजे साधारण २३० अंश, मग जांभळट, मग ३०० च्या आसपास निळा. वस्तऱ्याला पिवळ्यावर थांबायचं, स्प्रिंगला निळ्यापर्यंत जाऊ द्यायचं. दोन मिनिटांचा खेळ असतो पण हत्याराचं अख्खं आयुष्य त्यात ठरतं. असा एक प्रसंग तुझ्या लोहाराला दे, त्याचे डोळे रंगावर आणि पोरगा भात्यावर, वाचणारा श्वास रोखून वाचेल.

आणि मुळात जो धातू कशानेच कापला जात नाही त्याला धार लावली कशाने, हे कोणीतरी विचारणारच. त्याला कधीतरी मऊ असावंच लागेल. इथे तुला आपला जांभा दगड उपयोगी पडेल. खाणीतून चिरा काढतात तेव्हा तो ओलसर असतो, हत्याराने तासता येतो, नंतर वाऱ्याला लागून सुकत जातो तसा कडक होतो. तुझा धातू पण भट्टीतून निघाल्यावर एका ओहोटीपुरताच, म्हणजे सहा तासांच्या आसपास मऊ राहतो असं कर. भरती चढायच्या आत जे घडवायचं ते घडवा, नंतर त्याला हात लावता येणार नाही. म्हणजे घाई आली, अर्धवट राहिलेली हत्यारं आली, त्या टाकून दिलेल्या वाकड्या पात्यांचा बाजार पण आला.

वितळत नाही हा गुण मी असता तर काढून टाकला असता, पण तुला ठेवायचाच असेल तर एक खरी युक्ती आहे. दक्षिण अमेरिकेत आजच्या इक्वेडोरच्या किनाऱ्यावर जुन्या काळी लोक प्लॅटिनमचे दागिने करायचे, आणि प्लॅटिनम वितळतं १७६८ अंशांना, तेवढी आग त्यांच्याकडे नव्हती. ते प्लॅटिनमचे बारीक कण सोन्याच्या चुऱ्यात मिसळायचे, तापवलं की सोनं वितळून कण एकमेकांना धरायचे, मग ठोकायचं, परत तापवायचं, परत ठोकायचं. तसं वेताळलोह सोन्याने बांधलेलं असेल तर ते गरिबाच्या हाती येणार नाही आणि चोर ते वितळवून त्यातलं सोनं तेवढं काढून घेतील, वेताळलोहाची वाळू समुद्रात फेकून देतील. फुकटचा प्लॉट आहे, घे.

आता गंजणं. यावर जरा जास्त लिहितो कारण कोकणात बसून न गंजणारा धातू म्हणणं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळतं, समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ, हवेत पण तेच, वर चार महिने पाऊस, खिडकीचे गज बघता बघता फुगून भिंत फोडतात.

पहिली गोष्ट, न गंजणारे धातू गंजतच नाहीत असं नसतं. त्यांच्या अंगावर एक पातळ थर बसतो आणि तोच त्यांना वाचवतो. स्टेनलेसवर क्रोमियमचा, टायटॅनियमवर त्याचा स्वतःचा. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षांच्या आसपास उभा आहे त्याचं कारण पण हेच सांगतात, त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि त्यामुळे वर घट्ट थर धरलाय, शिवाय दिल्लीची हवा कोरडी. स्टेनलेसवरचा थर खरवडला तर परत येतो, पण त्याला हवा लागते. स्टेनलेसचा बोल्ट गाळात किंवा वॉशरखाली बंद जागेत राहिला की हवा पोचत नाही आणि आतून किडतो, वरून चकचकीत आणि खाली सुईने टोचल्यासारखी भोकं. हे तुझ्या धातूला लाव. वेताळलोहाला श्वास लागतो, उघड्यावर, लाटांत, पावसात हजार वर्षं राहील पण खाजणातल्या म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीतल्या काळ्या चिखलात पुरलं तर एका पावसाळ्यात मरेल. शत्रूला हे कळलं की तो तलवारी मोडायच्या भानगडीत पडणारच नाही, चोरून खाजणात पुरेल.

दुसरी गोष्ट त्याहून भारी आहे. खाऱ्या पाण्यात दोन वेगवेगळे धातू एकमेकांना चिकटून ठेवले की जो टिकाऊ असतो तो वाचतो आणि शेजारचा कमकुवत असतो त्याला झपाट्याने संपवतो. १७६१ मध्ये ब्रिटिश नौदलाने अलार्म नावाच्या जहाजाच्या लाकडी बुडाला किडा लागू नये म्हणून तांब्याचा पत्रा मारला. जहाज दूरचा प्रवास करून आलं, दोनेक वर्षांनी बघतात तर तांबं छान आणि ते धरून ठेवणारे लोखंडी खिळे खाऊन गेलेले. त्यातले काही खिळे मात्र शाबूत होते, कारण पत्रा ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आला होता तो कागद चुकून खिळ्याच्या डोक्याखाली राहिला होता, दोन धातूंचा स्पर्श झाला नव्हता. आज आपण बोटीच्या बुडाला पंख्याजवळ झिंकचे ठोकळे लावतो ते याच कारणाने, झिंक मरतं आणि बाकीचं वाचतं, झिजलं की नवीन लावायचं.

आता हे आपल्या समजुतींना जोड. बाळंतिणीच्या उशाखाली विळा नाहीतर अडकित्ता ठेवतात, घोड्याच्या नालेची अंगठी घालतात, म्हणजे लोखंड बाधेला लांब ठेवतं हे तुझ्या वाचकाला आजीकडून आधीच माहीत आहे. वेताळलोह भुताची चाहूल देतं पण ते लोखंडाहून कितीतरी टिकाऊ, म्हणून ज्या दमट घरात ते ठेवलं जाईल तिथलं लोखंड ते हळूहळू खात जाईल. आधी ज्या खिळ्याला टांगलंय तो खिळा, मग बिजागऱ्या, कड्या, मग उशाखालचा विळा त्याच फळीवर ठेवला असेल तर तो. म्हणजे घरात धोका सांगणारा धातू आला की धोका थोपवणारं लोखंड संपायला लागतं. ज्या घराण्याकडे वेताळलोह पिढ्यान्‌पिढ्या आहे त्यांच्या घराला एक खिळा शिल्लक नाही, सगळे सांधे लाकडी खुंट्यांचे. आणि शहाणी म्हातारी ते तेलकट कापडात गुंडाळून ठेवायला सांगते, का ते तिलाही माहीत नसेल. माझं मत विचारशील तर अख्खी कादंबरी इथे उभी राहते, बाकी सगळं सजावट आहे.

याच्यातच एक पुरवणी. तू एक अख्खं गलबत वेताळलोहाच्या पत्र्याने मढवलंयस आणि ते सगळ्यात वेगवान म्हटलंयस. तांब्याचा पत्रा वेगवान ठेवतो कारण तांबं थोडं थोडं विरघळतं आणि त्या विषामुळे शेवाळ, शिंपल्यासारखे जीव बुडाला धरत नाहीत. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने तांबं झिजू नये म्हणून त्याला झिंक आणि लोखंडाचे तुकडे जोडून बघितले, तांबं वाचलं पण विष पाण्यात जायचं थांबलं आणि बुडावर जंगल माजलं. जो धातू अजिबात झिजत नाही त्याच्यावर कालवं मजेत बसतील, तुझं गलबत वर्षभरात म्हशीसारखं चालायला लागेल. दर अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला ते वाळूवर घेऊन खरवडायला माणसं लागतील, ती माणसं दाखव.

निळ्या चमकण्याबद्दल. ते मला खूप ठिकाणी बघितल्यासारखं वाटतं, आणि आपल्या किनाऱ्यावर थंडीच्या सुरुवातीला कधी कधी लाटाच निळ्या पेटतात, नॉक्टिल्युका नावाचा सूक्ष्म जीव असतो त्याने, म्हणजे तुझ्या खलाशाला निळ्या उजेडाचं काही वाटणारच नाही. त्यापेक्षा आवाज घे. आमच्याकडे पंखा कामाला आला की सगळ्यात आधी तो दोरीने टांगून प्रत्येक पात्याला छोट्या हातोडीने ठोकतो. चांगलं पातं लांब खणखणतं, कानात राहतं. चीर असेल तर बद्द बोलतं, फणस पिकलाय का बघायला थाप मारतात तसं ऐकायचं. पितळी पंख्यात तर अजून एक गंमत असते, खारं पाणी पितळेतलं जस्त तेवढं ओढून नेतं आणि मागे तांबूस, स्पंजासारखं तांबं राहतं. आकार तोच, माप तेच, खरवडलं की आत गुलाबी दिसतं आणि जोरात ठोकलं तर बिस्किटासारखा तुकडा पडतो. देह शाबूत आणि जीव गेलेला, तुझ्या विषयाला याच्याहून जवळचं काय देऊ.

तर वेताळलोह नेहमी खणखणीत वाजतं आणि काही आसपास आलं की बद्द वाजतं, एवढंच ठेव. गलबताच्या नाळेवर म्हणजे पुढच्या टोकावर एक पट्टी टांगलेली, रात्री पहाऱ्यावरचा पोरगा घटकेघटकेला ठोकतोय, सगळे झोपेतसुद्धा तो आवाज ऐकतायत आणि एकदा ठोका पडतो पण नाद येत नाही. चमकण्यात काय होतं की सगळ्यांना एकदम दिसतं, आवाजात वाद घालता येतो, एक म्हणेल बद्द वाजलं, दुसरा म्हणेल तू हाताने धरलं होतंस.

ही जादू जाते कशी ते पण ठरव. लोहचुंबक बघ, लोखंड ७७० अंशांच्या वर तापलं की त्याला चुंबक चिकटतच नाही, आणि कायमचा चुंबक असा तापवलास तर थंड झाल्यावर त्याची ओढ गेलेली असते. गॅडोलिनियम नावाच्या धातूत ही रेषा २० अंशांच्या आसपास आहे, म्हणजे दापोलीत थंडीच्या पहाटे तो चुंबकाला लोखंडासारखा ओढेल आणि दुपारी ऊन चढलं की ढिम्म. खराखुरा धातू आहे हा, कुणी कादंबरीत लिहिला असता तर मीच हसलो असतो. वेताळलोह एकदा लालभडक झालं की बहिरं होतं असं ठेव. म्हणजे तुटलेलं पातं परत भट्टीत घालून जोडता येईल पण ते कायमचं मुकं राहील, आणि बाजारात मुकं वेताळलोह खरं म्हणून विकणारे भामटे निघतील.

आता मिळतो कुठे. तू पाताळातली खाण आणि तिचा राखणदार नाग लिहिलायस. राखणदार ठेव, त्याला गाऱ्हाणं घालून नारळ दिल्याशिवाय काम सुरू होत नाही हे बरोबरच आहे, पण खाण काढ. आपल्याकडे काळबादेवी, मालगुंड, पूर्णगड या बाजूला वाळूत काळे पट्टे दिसतात ना, त्यात मॅग्नेटाइट हे लोखंडाचं खनिज असतं आणि इल्मेनाइट असतं, इल्मेनाइट म्हणजे लोखंड, टायटॅनियम आणि ऑक्सिजन. समुद्राचं पाणी ज्याचं काहीही वाकडं करू शकत नाही असा टायटॅनियम आपण चपलेतून झटकत घरी येतो. पण तो काढून दाखव! १७९१ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या असल्याच काळ्या वाळूत विल्यम ग्रेगरला त्याचा पत्ता लागला आणि शुद्ध धातू हातात यायला १९१० उजाडलं. लोखंडाच्या भट्टीत कोळसा ऑक्सिजन ओढून घेतो, इथे कोळसा घातला तर तो धातूलाच चिकटतो. हवेत तापवलास तर ऑक्सिजन आणि नायट्रोजन दोन्ही खातो आणि ठिसूळ होतो, त्याचा कीस तर नायट्रोजनमध्ये पण जळतो.

म्हणून तुझ्या गोष्टीत काळी वाळू सगळ्यांच्या अंगणासमोर पडलेली असू दे, आणि तिच्यातून धातू सोडवायची विद्या फक्त एका वाडीकडे. सह्याद्रीत पूर्वी धावड लोक लोखंड गाळायचे, त्यांना दगडाची कमतरता नव्हती, कोळशासाठी लागायचं ते जंगल, आणि रान संपलं की भट्टी हलवावी लागायची. तुझी भट्टी काय खाते ते ठरव. लाकूड, मीठ, की भट्टीवाल्याचा आवाज, म्हणजे धातूत नाद येतो तो त्याच्या गळ्यातून जातो आणि म्हातारपणी त्या वाडीत सगळे खुणांनी बोलतात. हे शेवटचं मला लिहिता लिहिता सुचलं, आवडलं तर वापर.

किमतीचं दोन ओळीत. फ्रान्सचा तिसरा नेपोलियन खास पाहुण्यांना ॲल्युमिनियमच्या काट्याचमच्यांनी जेवू घालायचा असं सांगतात, १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मारकाच्या टोकावर ॲल्युमिनियमचा तुकडा बसवला, आणि १८८६ मध्ये विजेने तो काढायची रीत सापडली तसा भाव कोसळला, आज त्याच्या टोपात आपण भात शिजवतो. कुणीतरी दुसऱ्या वाडीत सोपी रीत शोधली तर तुझ्या राजाचा खजिना एका वर्षात भंगार होईल.

जंजिऱ्याच्या कलालबांगडी तोफेचं विचारलंयस, ती पंचधातूची असून उन्हात तापत नाही असं तिथे सांगतात. उन्हात ठेवलेली धातूची वस्तू तापतेच, मे महिन्यात दुपारी बारा वाजता हात ठेवून बघ आणि मला कळव. गोष्टीत वापरायचं असेल तर ती उष्णता जाते कुठे तेवढं ठरव, तोफेच्या सावलीत बसणाऱ्याला ताप भरतो असं केलंस तरी चालेल.

शेवटचा तुझा प्रश्न किल्ल्याच्या पायाचा. तिथे वेताळलोहाचा रस ओतलाय असं लिहिलंयस, ते काढ, शिसंच ठेव. मालवणच्या कुरटे बेटावर १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं तेव्हा पायात शिसं ओतलं असं परंपरेने सांगतात, आणि धातूच्या बाजूने बघितलं तर निवड एकदम बरोबर आहे. ३२७ अंशांना वितळतं म्हणजे साध्या चुलीवर लोखंडी काहिलीत रस होतो, खारं पाणी त्याला सहसा त्रास देत नाही, आणि मऊ असल्यामुळे लाटेच्या दणक्याने दगड जरासा हलला तरी फुटत नाही, दबून जागा धरतं. फक्त दगडाची खाच कोरडी पाहिजे. ओल्या खाचेत रस ओतला तर पाण्याची वाफ होऊन शिसं तोंडावर उडतं, म्हणून ओहोटी लागल्याबरोबर आधी खाचा पुसून निखाऱ्याने शेकवून घ्यायच्या आणि मग वारा पाठीवर घेऊन ओतायचं. हे तुझ्या गवंड्यांना माहीत असू दे, आणि एकाला नसू दे.